अल्टोवरची लुमिना

'मी की गाडी?' असं एडनाने नवऱ्याला, सिप्रियन तुस्कानोला, कधी विचारलं असतं, तर तो खोटं बोलला नसता, नुसता खोकला असता. म्हणून तिने कधी विचारलंच नाही. शहाणी बाई! दुबईत अल कुसैसच्या त्यांच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये लाल रंगाची शेवरले लुमिना उभी असायची. दोन दारांची, व्ही-एट इंजिनाची, आणि हॉटेलातल्या बँक्वेट मॅनेजरच्या पगारात कुठूनही न बसणारी. सिप्रियनने ती ऐन उमेदीत नवी कोरी घेतली, पोटाला चिमटा काढून हप्ते फेडले आणि तेव्हापासून तिच्यावर धुळीचा कण बसू दिला नाही.

आता नोकरी संपली होती. खोकी बांधून झाली होती, वसईला गास गावातल्या घराला रंग लागला होता, मुलगी मरिसा फोनवर रोज "डॅडी, बुक द टिकेट्स नो!" म्हणून कान खात होती. घोडं अडलं होतं ते गाडीपाशी. डाव्या हाताच्या स्टिअरिंगची जुनी गाडी भारतात न्यायचा विचारसुद्धा नको. विकायची तर होती, पण कुणाला?

गिऱ्हाईक नव्हतं असं नाही. शारजाचा गनीभाई केव्हापासून टपून बसला होता. या गाडीचं सगळं काम त्याच्याच गॅरेजमध्ये व्हायचं, त्यामुळे तिची नस न् नस त्याला ठाऊक. चाळीस हजार दिरहॅम रोख देतो म्हणाला. "म्हणजे साडेनऊ लाख," एडनाने तिथल्या तिथे मोठ्याने हिशेब केला आणि तिचा चेहरा खुलला. पण गनीभाई सरळ माणूस, त्याने पुढचंही सांगून टाकलं. "तुस्कानोसाब, झूठ नहीं बोलूँगा. मुझे तो इंजिन चाहिए."

म्हणजे काय, तर इंजिन उपसायचं, वाळूच्या टेकड्या चढणाऱ्या एखाद्या निसान पॅट्रोलमध्ये बसवायचं आणि उरलेली गाडी भंगारात. दुबई-शारजात अशा कितीतरी लुमिना कापल्या गेल्या होत्या. सिप्रियन पार्किंगमध्ये जाऊन गाडीवर हात फिरवून आला. साडेनऊ लाख गेले खड्ड्यात, पण आपल्या गाडीची अशी खांडोळी? एक तरी माणूस असा भेटावा की जो तिला अख्खी ठेवील, एवढंच त्याचं मागणं होतं. ते जमेपर्यंत विमानात बसायचं म्हणजे त्याच्या जिवावर आलं होतं. पण असा माणूस मिळेना, म्हणून नाइलाजाने त्याने गनीभाईला होकार दिला; शुक्रवारी नमाजानंतर गनीभाई टोइंगचा ट्रक घेऊन येणार होता.

आणि तशात विक्रीची खबर लागून रास अल खैमाहून एमान नावाच्या एका अरब बाईचा फोन आला.

एमान तिथल्या एका सिरॅमिकच्या कारखान्यात बड्या हुद्द्यावर होती. गावाबाहेर तिची स्वतःची मोठी शेड होती, तिच्यात फक्त जुन्या गाड्या. त्याही कुठल्याही नाहीत, आखातात विकल्या गेलेल्या. हिंदी तर अशी बोलायची की डोळे मिटून ऐकलं तर बांद्र्याची वाटावी. लहानपणी सांभाळणाऱ्या बाईकडून शिकली म्हणे. गाडीत सगळं मूळचं असेल तर सत्तर हजार, म्हणाली. एडनाने "साडेसोळा लाख" म्हणेपर्यंत सिप्रियनने पत्तासुद्धा देऊन टाकला.

ती आली, तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि पुढे येऊन थबकली.

"ये क्या है?"

"शेर," सिप्रियन छाती फुगवून म्हणाला. "होल्डन का. ओरिजिनल, मेलबर्न से मँगवाया."

इथे या पठ्ठ्याचा पराक्रम सांगायलाच हवा. लुमिना ही शेवरले फक्त नावापुरती, जन्म ऑस्ट्रेलियातला. तिकडे हीच गाडी होल्डन मोनारो म्हणून विकायचे, नाकावर सिंहाचं चिन्ह लावून. आखातात पाठवताना सिंहाच्या जागी शेवरलेचं बो-टायच्या आकाराचं सोनेरी चिन्ह यायचं आणि नाव व्हायचं लुमिना. पुढे ऑस्ट्रेलियातला कारखाना कायमचा बंद पडला आणि मोनारोचे भाव आभाळाला भिडले. सिप्रियनने ते इंटरनेटवर वाचलं आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. आपली गाडी मुळात ऑस्ट्रेलियन ना? मग दिसू दे ऑस्ट्रेलियन! भाव दुप्पट होईल! त्याने सिंह मागवले, सोनेरी चिन्हं आणि 'लुमिना'ची अक्षरं सोलून काढली आणि आपण गाडीला तिचं खरं रूप दिलं म्हणून कितीतरी दिवस मिशीत हसत होता.

"मुझे लुमिना देखनी थी," एमान म्हणाली. "ये तो दूसरे के कपड़े पहनके खड़ी है. मोनारो लेनी होती तो ऑस्ट्रेलिया से नहीं लाती?"

सिप्रियनच्या तोंडात मारल्यासारखं झालं. ज्याच्यासाठी गाडीला सोन्याचा भाव आला होता, नेमकं तेच त्याने स्वतःच्या हाताने, वर पैसे मोजून काढून टाकलं होतं!

"इसके अपने निशान हों तो मुझे फोन कीजिए," निघताना एमान म्हणाली. "बाज़ार के नये नहीं चलेंगे, मैं पहचानती हूँ. और दूसरी गाड़ी के भी नहीं." आणि गेली.

चिन्हं होती. कुठे होती, तेच सांगायची चोरी. ती सोलून काढली त्या वर्षी नाताळला गावी जाताना सिप्रियनने साबण, परफ्यूम, चॉकलेटं यांच्याबरोबर तीही बॅगेत टाकली होती. ती थोरल्या भावाने, फ्रेडीने, आपल्या जुन्या अल्टोवर चिकटवली. पुढे सोनेरी चिन्ह, मागे 'लुमिना'. केळीचे घड वाहणारी अल्टो!

"सिप्र्या, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" फ्रेडी फोनवर कडाडला. "दिलेली वस्तू परत मागतोस? अख्ख्या गासमध्ये मला लुमिना फ्रेडी म्हणतात. म्हाताऱ्यांना ते सोनेरी चिन्ह म्हणजे आडवा क्रूस वाटतो, गाडी दिसली की छातीवर खूण करतात. आता तिथे काय लावू, तुझं थोबाड?"

"अरे दादा, मी तुला दुसरं—"

"दुसरं नको मला!"

एरवी सिप्रियनने आवाज चढवला असता, पण फ्रेडीपुढे त्याचा आवाज चढत नसे. आखातात जायची खटपट आधी फ्रेडीने केली होती. दरवेळी मेडिकलला छातीच्या एक्स-रेत लहानपणीचा एक डाग दिसायचा आणि दरवेळी पासपोर्ट कोराच परत यायचा. शेवटी त्याने नाद सोडला, वाडीत केळी लावली आणि आई-बाबांना शेवटपर्यंत सांभाळलं. एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नाही. त्या माणसाच्या गाडीवरची चमकती अक्षरं मागायची म्हणजे सिप्रियनला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"राहू दे दादा," तो म्हणाला. "गनीभाई शुक्रवारी नेईल. इंजिन काढून घेईल, बाकीची कापून टाकील."

"कापून? चालती गाडी?"

"हो."

मग फ्रेडी पुटपुटला, "पापच की रे हे. अँजेला कधी निघतेय?"

अँजेला म्हणजे त्यांच्याच आळीतली नर्स, सुट्टी संपवून दुबईला परत येत होती. फ्रेडीने गरम पाणी ओतून, मासे धरायच्या नायलॉनच्या तंगुसाने एकेक अक्षर अलगद सोडवलं आणि सगळं पेपरात गुंडाळून तिच्या हाती दिलं. ते गाडीवर परत बसवलं कुणी? तर गनीभाईने! "बच गयी तो अच्छा, नहीं बची तो मेरी," म्हणत त्याने माप लावून इतकं सरळ चिकटवलं की कारखान्यानेही पाहत राहावं. मजुरी विचारली तर म्हणाला, "छोड़ो यार, चाय पिलाओ."

शुक्रवारी सकाळीच सिप्रियन आणि एडना गाडी घेऊन रास अल खैमाला पोचली. एमान शेडच्या दारात उभी होती. ती वाकली, सोनेरी चिन्हावरून बोट फिरवलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"गाड़ी तो आपकी छाँव में रहती थी. पेंट वैसा का वैसा है. फिर इस निशान का रंग इतना कैसे उड़ा? और ये स्क्रॅच कैसा? कहाँ थे ये निशान?"

आता खरं सांगायचं की नाही? पण माणसाची लाज कुठे आडवी येईल सांगता येत नाही. इतक्या टापटिपीच्या शेडमध्ये, इतक्या मोठ्या बाईपुढे, केळीची अल्टो कशी काढायची तोंडातून?

"घर पे ही," सिप्रियन म्हणाला. "कपाट में."

"कपाट में बारिश होती है?" एमानने हात झटकले. "ये किसी कबाड़ की गाड़ी से निकाला है. खलास. आप जा सकते हैं."

आणि ती वळलीसुद्धा. चिन्हं खरी होती, याच गाडीची होती, आणि याच गाडीवर ती खोटी ठरली होती. एडनाने सिप्रियनच्या दंडाला असा काही चिमटा काढला की तो ओय करून ओरडलाच.

"सांग ना मेल्या!" ती दातओठ खात म्हणाली. "भावाची लाज वाटते तुला?"

ते मात्र वर्मी लागलं. कारण वाटली होती, खरंच वाटली होती. सिप्रियनचे कान तापले.

"मॅडम, रुकिए," तो म्हणाला. "झूठ बोला मैंने. ये मेरे बड़े भाई की गाडी पे था. अल्टो है. केले ढोता है उस में." आणि मग एकदा बांध फुटल्यावर त्याने सगळंच ओतलं. सिंहांचा मूर्खपणा, वसईचा पाऊस, क्रुसाची खूण करणाऱ्या म्हाताऱ्या, गरम पाणी आणि तंगूस. ओरखडा कसला, तर केळीचा टेम्पो घासून गेला होता, त्याचा. त्याचं हिंदी अडखळलं की एडना पुरवत होती. बोलता बोलता तिने मोबाइलमधला नाताळचा फोटो काढून एमानपुढे धरला. चर्चच्या आवारात अल्टो, बॉनेटवर हात ठेवून ताठ उभा फ्रेडी, आणि त्याच्या हाताशेजारी ते सोनेरी चिन्ह.

एमानने फोटो बोटांनी मोठा केला. चिन्हावरचा ओरखडा पाहिला, मग गाडीवरचा पाहिला. वळण तेच, टोकाशी उडालेला टवकाही तोच. आणि ती बाई अशी खळखळून हसली की शेडमधला कामगार वळून बघायला लागला.

"दाम वही," ती म्हणाली. "सत्तर. और ये स्क्रॅच कोई पॉलिश नहीं करेगा." मग जरा थांबून, "ये फोटो मुझे भेजिए. बड़ा करवाके गाड़ी के पीछे दीवार पर लगाऊँगी. लोग पूछेंगे ना, निशान कहाँ गया था. तो बताना पड़ेगा."

सिप्रियनचा जीव भांड्यात पडला. गाडी अख्खी राहिली. चावी देताना दुःख म्हणावं असं काही आत सापडेना. तो बाहेर उन्हात आला आणि त्याने वसईला फोन लावला.

"झालं दादा. विकली. अख्खी ठेवणार आहेत. आणि ऐक, तुझा फोटो लावतायत इथे. भिंतीवर. हा एवढा मोठा, अल्टोसकट. इथले शेख लोक येतील, बघतील."

तिकडून नुसता वाडीतल्या पंपाचा आवाज येत होता.

"दादा?"

"इथे म्हणजे तिथे?" फ्रेडीने विचारलं. "एमिरेट्समध्ये?"

"हो रे."

सिप्रियनचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

"सिप्र्या," फ्रेडी म्हणाला, "त्या फोटोत शर्ट कुठला आहे रे माझा?"

"निळ्या चौकडीचा. इस्त्री केलेला."

"हां," फ्रेडी म्हणाला. "मग लावू दे."