डाव्या डोळ्याची खालची पापणी

"अहो, श्वास तरी घेऊ का?" बायकोने ओठ न हलवता विचारलं.

"दहावा झाला की घे."

मी कळ दाबली. दहावा फोटो झाला, तिने हुश्श केलं आणि मी स्टँडवरचा कॅमेरा उतरवून दुसरा चढवला. पहिल्याला काळी लेन्स होती, दुसऱ्याला राखाडी. या दोन कंपन्यांचं वैर इतकं जुनं की एकीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्याला लागतसुद्धा नाही. कॅमेरे भाड्याने देणाऱ्या आमच्या दुकानासाठी मालकांना चेहऱ्याच्या फोटोंच्या आठ लेन्स घ्यायच्या होत्या. दोन्ही कंपन्यांनी एकेक नमुना पाठवला होता आणि कोणती घ्यायची हे सोमवारी मी सांगायचं होतं.

हल्लीचा कॅमेरा माणसाचा डोळा आपोआप शोधतो. पण मग परीक्षा कॅमेऱ्याची होते, काचेची राहूनच जाते, असं माझं मत आहे आणि ते मी दुकानात सगळ्यांना कंटाळा येईपर्यंत ऐकवलं आहे. मी टेपने अंतर मोजतो, हाताने डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर फोकस लावतो आणि दहा फोटो होईपर्यंत लेन्सवरच्या फोकसच्या रिंगला हात लावत नाही. अशा लेन्सचं उजेड आत घेणारं तोंड पूर्ण उघडलं की जेमतेम बोटाच्या जाडीएवढा भाग स्पष्ट येतो. पापणी स्पष्ट, तर कान धूसर. समोरचं माणूस जरा पुढे झुकलं की सगळंच मुसळ केरात.

म्हणून बायको. बावीस वर्षं त्याच खिडकीपाशी, त्याच स्टुलावर ती बसत आली आहे. मालक म्हणतात, "वहिनी म्हणजे आपलं प्रमाण वजन." तिला याचा केवढा अभिमान! माझ्याशिवाय यांची एक लेन्स पास होत नाही, हे ती बहिणीला फोनवर महिन्यातून एकदा तरी सांगते.

राखाडीचे दहा झाले. मी फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले. काळीचे नऊ चोख. राखाडीचे तीनच. बाकी सातांत पापणीच्या जागी नुसता धुरकट पट्टा.

"लेन्सच खराब असणार," ती मागून म्हणाली. "लिहून टाका आणि जेवायला चला."

लिहिणारही होतो. पण ते तीन चोख फोटो मला सोडेनात. काळी लेन्स मोठी मवाळ होती. गालावरचा उजेड तिने सायीसारखा पसरवला होता, मागच्या पडद्यावरची फुलं विरघळवून टाकली होती. राखाडीला असली भीडभाड नव्हती. एकेक पापणी सुटी, डोळ्याखालची बारीकशी सुरकुतीही हजर.

"हिच्यात मी थेट तुमच्या आईसारखी दिसते," बायको म्हणाली.

"म्हणजे लेन्स चांगली आहे."

"म्हणजे नापास करा."

मी हसलो, पण डोक्यातला किडा वळवळतच होता. खराब लेन्स दहाही वेळा सारखीच खराब असते. तीनदा शहाण्यासारखं वागून सातदा आचरटपणा करायला ती काही माणूस नाही. मी बायकोला पुन्हा बसवलं. ती कुरकुरली, तरी बसली. या वेळी राखाडी आधी घेतली, काळी नंतर.

राखाडीचे आठ चोख आले. काळीचे दोन.

"दोन्ही खराब," ती घाईने म्हणाली.

"एकाच रविवारी? दोन्ही कंपन्यांनी ठरवून?"

मला तर आता चेवच चढला होता. जुनं वर्तमानपत्र टाचण्यांनी खुर्चीच्या पाठीला लावलं, स्टूल बाजूला केलं आणि खुर्ची त्या जागी ठेवली. दोन्ही लेन्सनी दहा-दहा फोटो घेतले. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. वीसच्या वीस फोटो असे आले की छोट्या जाहिरातींतले फोन नंबर वाचून घ्यावेत. लेन्स दोन्ही निर्दोष होत्या. आनंदाने मी मांडीवर थाप मारली, आणि हात तिथेच राहिला.

मग मी तिचे फोटो भराभर एकामागून एक पुढे सरकवले. डोकं पुढे येत होतं, मागे जात होतं. थोडंसंच. प्रत्येक फोटोत डावा खांदा खाली ओढलेला, मानेची शीर ताणलेली.

"स्टूल धरून बसली होतीस?"

"हं."

"कधीपासून होतंय हे?"

"पाच महिने. आधी नुसता हात थरथरायचा. आता दमले की सगळंच हलतं."

"पाच महिने! आणि मला एका शब्दाने..."

"तुम्हाला पापणी दिसते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आणि सांगितलं असतं तर उठवलं असतंत. आताही त्या कागदाला बसवलंतच ना माझ्या जागी?"

मला लाज वाटली. भीतीही वाटली, लाजेपेक्षा जास्त. बावीस वर्षं जिच्या पापण्या मोजल्या, तिचा हात मी पाच महिन्यांत एकदाही नीट पाहिला नव्हता. मी टाचण्या काढल्या, कागद घडी करून टाकला आणि खुर्ची ढकलून स्टूल पुन्हा खिडकीपाशी आणलं.

"बस."

"कशाला? हलणारच मी."

"हल."

स्टँड मी चार पावलं मागे घेतला आणि लेन्सचं तोंड रिंगवरच्या आठ आकड्यावर आणून बारीक केलं. एवढ्या बारीक तोंडाने पुढचं-मागचं बरंच स्पष्ट येतं. पुढे-मागे डोललेलंही खपून जातं.

तिने रिंगवरचा आकडा पाहिला. इतक्या वर्षांत तीही थोडी शिकलीच आहे. "आठवर तर सगळ्याच लेन्स सारख्या दिसतात. परीक्षा कसली घेताय?"

"परीक्षा झाली. दोन्ही पास."

ती बसली. डाव्या हाताने स्टुलाची कड धरली, मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. हळूच कड सोडून तिने हात मांडीवर ठेवला. तो थरथरायला लागला. तिने त्याला थरथरू दिलं. मी कळ दाबली.

तोंड बारीक केलं की उजेड पुरायला वेळ लागतो, तेवढ्यात हलणारं पुसलं जातं. फोटोत तिचा चेहरा होता, कानातली कुडी होती, मागच्या पडद्यावरचं फूलन् फूल होतं. मांडीवर हाताच्या जागी मात्र फिकट धूर होता. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिली.

"उद्या मालकांना सांगा, मंगळवारी सुट्टी हवीय," ती म्हणाली. "डॉक्टरांची वेळ घेतलीय मी. एकटीच जाणार होते."