चाळीस मिनिटं बोलत राहायचं

फेर्मिन बेगासोनं आयुष्यभर दगड फोडला आणि शेवटी दगडाचाच स्वभाव उचलला, असं त्याची बायको दोमितिला येईल-जाईल त्याला सांगायची. सकाळी खाणीवर निघताना "येतो", संध्याकाळी आल्यावर "वाढ", एवढ्यावर त्याचा दिवस भागायचा. घरातलं बाकीचं सगळं बोलणं दोमितिलाच्या वाट्याला आलेलं, आणि तिनं त्याचं ओझं कधी मानलं नाही. तिची खानावळ होती. पाट्यावर रोकोतो मिरच्या वाटता वाटता ती चार टेबलांशी एकाच वेळी भांडू शकायची. पण साथ आली, मार्चपासून खानावळीला कुलूप लागलं आणि भांडायला घरात एकच माणूस उरला, तोही मिठाची गुळणी धरून बसणारा.

अशा माणसाला ऑगस्टातल्या एका मंगळवारी सलग चाळीस मिनिटं बोलायचं होतं, आणि त्याचा जीव त्या बोलण्यावर टांगलेला होता.

फेर्मिनला इस्पितळात दाखल केलं होतं. आदल्या दुपारी तिथल्या डॉक्टर चिरिनोसबाईंचा फोन आला तेव्हा दोमितिला बटाटे सोलत होती. फेर्मिनच्या मानेतली डावी रक्तवाहिनी आतून गाळानं भरत आलीय, एवढं तिला फेब्रुवारीपासून माहीत होतं. जूनच्या शेवटी त्याच्या हातातून छिन्नी गळून पडली, तोंड वाकडं झालं, आणि पाव तासानं सगळं जागच्या जागी आलं. तेव्हापासून ती रोज उठल्याबरोबर त्याचं तोंड बघायची. आता डॉक्टरीणबाई सांगत होत्या की ऑपरेशन उद्या करायचं, पण झोपवून नाही.

"ज्या यंत्रावर त्यांना झोपवायचं, सेन्योरा, त्या यंत्रावर वरच्या मजल्यावर दुसरा माणूस श्वास घेतोय. अजून थांबलो तर पुढचा झटका पाव तासाचा नसेल. मी मान बधिर करून, जागेपणीच करते."

"जागा असताना गळा कापणार?"

"दुखणार नाही. पण मधे चाळीसेक मिनिटं त्या बाजूचं रक्त बंद ठेवावं लागतं. दुसऱ्या बाजूचं रक्त डोक्याला पुरतंय की नाही, हे कळायला माझ्याकडे दोनच खुणा. ते बोलत राहिले पाहिजेत, आणि उजव्या हातात दिलेलं रबरी बदक सांगितल्यावर दाबलं पाहिजे."

"आणि बोलायचा थांबला तर?"

"तर आत नळी घालून रक्त चालू करायचं. पण नळी सरकवताना गाळाचा कण सुटून डोक्यात गेला, तर नळीनंच झटका यायचा. म्हणून उगाच घालत नाही. आणि गरज असताना घातली नाही, तर ते परत बोलणार नाहीत. कदाचित उठणारही नाहीत." बाई म्हणाल्या. "फोन अशासाठी केला, की इथं आल्यापासून ते 'हो' आणि 'नाही' यापलीकडे गेलेले नाहीत. हे आजारानं, की मुळातच असं?"

"मुळातच. लग्नात पाद्रीलासुद्धा दोनदा विचारावं लागलं होतं."

"मग उद्या त्यांना बोलतं कोण करणार? आत कुणाला सोडता येत नाही."

"फोन मोठ्या आवाजावर करून त्याच्या कानाशी धरा," दोमितिला म्हणाली. "बाकीचं मी बघते."

म्हणाली खरी, पण फोन ठेवल्यावर तिला पुढचा बटाटा सोलायचं सुचेना. आणि त्याला कारण होतं, जे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. साथीमुळे ऑपरेशन लांबत गेलं होतं, आणि मेमध्ये इस्पितळातून एकदा बोलावणं आलं होतं. एक खाट मोकळी झालीय, उद्या सकाळी सात वाजता उपाशी पोटी घेऊन या. त्याच आठवड्यात तिचा मावसभाऊ इलारियो हर्नियासाठी तिथं गेला, तिथंच त्याला साथ लागली आणि तो मोहोरबंद पेटीतून परत आला होता. दोमितिलानं फोनवर सांगितलं, त्याला ताप आहे, खोकलाही आहे. तिकडून नाव खोडलं. फेर्मिनला ती म्हणाली, "पुन्हा पुढं ढकललं मेल्यांनी." त्यानं मान डोलावली. मग जून आला आणि छिन्नी पडली.

मंगळवारी सकाळी अरेकिपा शहरावर उभ्या असलेल्या मिस्ती ज्वालामुखीच्या माथ्यावर ढग बसले होते. दोमितिलानं फोन चार्जरला लावला, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि खुर्चीच्या कडेवर बसली. पलीकडून यंत्राची टिकटिक, भांड्यांचा आवाज, आणि एका नर्सचं लाडीगोडीचं "पापितो, पापितो" ऐकू येत होतं. अडुसष्ट वर्षांच्या घोड्याला काय बाळासारखं बोलवते, असं तिच्या मनात आलं.

"चिमटा लावला," चिरिनोसबाई म्हणाल्या. "दहा वीस झालेत. बोला, सेन्योरा."

"म्हाताऱ्या, ऐकू येतंय का?"

"हो."

"हो नाही. लांब सांग. कोपऱ्यावरच्या चर्चचे दगड तूच काढलेस ना? कसे काढलेस ते सांग."

"पहारीनं."

"पहारीनं तर कोंबड्याही हाकलतात. पांढरा दगड आणि गुलाबी दगड यात फरक काय, ते सांग डॉक्टरीणबाईंना."

मग फेर्मिनचा आवाज आला, जाडसर, जीभ कोरडी पडल्यासारखा. "गुलाबी कडक. पांढरा ऐकतो. शीर बघून घाव घातला तर एका घावात सुटतो."

"पापितो, हात दाबा," नर्स म्हणाली, आणि बदक चिरकलं. दोमितिलानं देवाचं नाव घेतलं आणि पुढचं विचारलं. छपराचा पत्रा कधी बदलणार, तुझ्या आईनं मला पहिल्या दिवशी काय म्हटलं, शेजाऱ्याची शेळी कुणी सोडली. उत्तरं येत होती, पण चिमटीनं मीठ घालावं तशी. नवव्या मिनिटाला तिनं ठेवणीतला विषय काढला.

"आणि मेळ्यात ग्लिसेरियाबरोबर तीन नाच कोण नाचलं?"

पलीकडे शांतता पसरली. टिकटिक चालू होती.

"पापितो? बोला बरं."

काही नाही. "सेन्योरा," चिरिनोसबाईंचा आवाज ताणलेला होता, "ते बोलत नाहीयेत. मी नळी मागवतेय."

"थांबा," दोमितिला म्हणाली. फोनमधून सूं करून एक लांब श्वास आला, मागोमाग दुसरा. "नाकातून वारा सोडतोय तो. ऐका ना. रागावलाय."

"नेवादा," भूल देणारा डॉक्टर म्हणाला आणि कुणीतरी हसलं. मिस्तीवर ढग बसले की अरेकिपाच्या माणसाचं डोकं फिरतं, त्याला तिकडं नेवादा म्हणतात, आणि त्या खोलीत सगळी अरेकिपाचीच माणसं होती.

"दोनच नाचलो," फेर्मिन म्हणाला. "तिसऱ्याला तीच येऊन आदळली."

खोलीभर हसू पसरलं. दोमितिलालाही हसू आलं, पण तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. दहा एकोणतीस झाले होते. अजून अर्धा तास.

विसाव्या मिनिटाला विषय आटले. आयुष्यात पहिल्यांदाच तिला पुढचं वाक्य सुचेना. फेर्मिनची उत्तरं पुन्हा "हो"वर आली होती आणि डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या, "लांब वाक्य हवंय, सेन्योरा, एका शब्दावर मला काही कळत नाही." तो लांब बोलायचा फक्त खरा संताप आला की. अडतीस वर्षांत असं दोनदा झालं होतं. तसा संताप आणायचा तर तिच्याकडे एकच गोष्ट उरली होती. शिवाय हेही होतं, की तो त्या टेबलावरच गेला तर ही गोष्ट न सांगताच राहिली असती, आणि ती तिला जन्मभर पुरली असती.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली. "मेमध्ये तुझं ऑपरेशन त्यांनी पुढं ढकललं नव्हतं. मी ढकललं. त्यांनी बोलावलं होतं. तुला ताप आहे म्हणून मी खोटं सांगितलं. तेव्हाच झालं असतं तर तुला झोपवून केलं असतं. मला वाटलं, इलारियोसारखा तूही पेटीतून येशील. ऐकतोयस ना? शिव्या दे मला."

टिकटिक चालू राहिली.

"दे ना."

"सेन्योरा," भूल देणारा डॉक्टर म्हणाला, "हे आजच सांगायचं होतं का?" आणि मग बाकीच्यांना, "दुखावलेत. नेवादा. येतील दोन मिनिटांत ताळ्यावर."

"पापितो, हात दाबा." बदक वाजलं नाही. "दाबला," नर्स म्हणाली. "म्हणजे, थोडा दाबल्यासारखा वाटला."

"वाटला की दाबला?" चिरिनोसबाईंनी विचारलं.

"वाटला."

दोमितिलानं फोन कानात घुसेल इतका दाबून धरला आणि जिवाचा कान करून ऐकलं. तो सूं करून सोडलेला श्वास हवा होता तिला. तो रागावलेला हवा होता, घरी येऊन सहा महिने न बोलला तरी चालला असता, बिऱ्हाड सोडून गेला असता तरी चालला असता. एक श्वास आला. पण हलका, तोंडातून आलेला, झोपलेल्या पोराचा असावा तसा. त्यात राग नव्हता. त्यात कुणीच नव्हतं.

"नळी घाला," ती म्हणाली.

"सेन्योरा, नळीचा धोका मी तुम्हाला सांगितलाय. ते रागानं गप्प असतील तर..."

"त्याचा राग अडतीस वर्षं ऐकतेय मी. हा राग नाही. तो तिथं नाहीये, बाई. घाला नळी."

मग चिरिनोसबाईंनी नळी मागितली, आणि त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला. चिमटा. धरा. वरचा सोडा. अजून थोडा. दोमितिलाला त्यातलं काही कळत नव्हतं. मी खोटं सांगून त्याला इथवर आणला आणि आता माझ्याच शब्दावर त्याच्या गळ्यात नळी जातेय, एवढंच कळत होतं. कण सुटला असेल तर तो आत्ता वर चालला असेल. भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. कुणीतरी म्हणालं, "रक्त चालू झालं." तरी फेर्मिनचा आवाज नव्हता. तिसरं मिनिट गेलं. तिनं तोंडात पदराचा बोळा धरावा तसं ॲप्रनचं टोक कोंबलं होतं, तिकडं रडणं जाऊ नये म्हणून.

"सात," फेर्मिन म्हणाला.

"काय म्हणालात, पापितो?"

"सात वाजता." शब्द ओले, एकमेकांना चिकटलेले होते. "उपाशी पोटी."

बदक चिरकलं. दोमितिलानं ॲप्रन तोंडातून काढला. मेमध्ये इस्पितळानं फोनवर सांगितलेले ते शब्द आत्ता तिनं उच्चारलेच नव्हते.

"तुला कुणी सांगितलं?"

"तू फोन... मोठ्यानं लावतेस. मी दाराशी होतो." मग हळूहळू शब्द सुटे होत गेले. "बूट घालायला घेतले होते. एक घातला पण होता. तू ताप म्हणालीस, मग काढला."

"आणि बोलला नाहीस?"

"मला पण भीती वाटत होती, दोमी. म्हटलं बरं झालं, ही म्हणाली. मला म्हणावं लागलं नाही."

"अजून पंधरा मिनिटं," चिरिनोसबाई हळूच म्हणाल्या. "चालू ठेवा, सेन्योरा."

दोमितिलानं ॲप्रनचं टोक पुन्हा तोंडाशी धरलं. तीन महिने ती एकटीनं जे पोटात वागवत होती, ते तोही शेजारच्या उशीवर वागवत होता, आणि दोघंही रोज सकाळी एकमेकांचं तोंड बघत होते.

"ती रडतेय," फेर्मिन डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "राहू द्या. मी सांगतो." आणि त्यानं इलारियोपासून सुरुवात केली. इलारियोला तो खाणीवर पहिल्यांदा कसा भेटला, त्याच्याच घरी त्यानं दोमितिलाला कशी पाहिली, तेव्हा ती कुणाशी भांडत होती आणि तिच्या अंगात कुठल्या रंगाचं पोलकं होतं. शेवटचा टाका पडेपर्यंत तो एकटाच बोलत राहिला.