न बुडालेली माणसं

"शिंपीदादा, बाहेर या."

"मावशी, मी अजून आत गेलोय कुठे?"

"म्हणूनच आत्ता सांगतेय. रस्त्यावरून धावत आलात. धाप जाऊ द्या आधी."

शिंपी फुरंगटून बाकावर बसला. त्या तलावात त्याच्याइतकं सुरेख कुणी पोहत नव्हतं, आणि त्याच्याइतक्या वेळा बाहेरही कुणाला काढलं जात नव्हतं.

मावशीला सगळे शिट्टीमावशी म्हणत. पगारपत्रकात तिच्या नावापुढे 'जीवरक्षक' असं लिहिलेलं असे आणि त्या शब्दाची तिला थोडी लाज वाटे, कारण तिने आजवर एकही जीव वाचवलेला नव्हता. सार्वजनिक तरणतलावाच्या खोल बाजूला एक उंच लोखंडी खुर्ची होती. त्या खुर्चीवर ती ऐन तारुण्यात चढली, आणि आता उतरताना गुडघ्यांना विचारून उतरावं लागत होतं. जगात लोक एकमेकांना पाण्यात पाहतात. मावशी सगळ्यांनाच पाण्यात पाहत असे, पण तो तिच्या कामाचा भाग होता.

नवीन आलेला माणूस हटकून विचारी, "आतापर्यंत किती जणांना वाचवलंत?"

"एकालाही नाही."

विचारणारा त्यानंतर कडेकडेनेच पोही.

वर्षातून एकदा तिची परीक्षा होई. एक रबरी बाहुला पाण्यात टाकत आणि मावशी त्याला काखेत धरून काठावर आणी. बाहुला अतिशय समजूतदार होता. हातपाय झाडायचा नाही, गळ्याला मिठी मारायचा नाही, दर वर्षी बिनतक्रार वाचायचा. खरा माणूस कसा वागेल, याचं मावशीला फार कुतूहल होतं. तो जड लागेल का? डोळे उघडल्यावर पहिल्यांदा काय बोलेल? पण असा माणूस हाती लागायचा, तर त्याला आधी बुडू द्यावं लागणार, आणि ते काही तिच्याच्याने होत नव्हतं.

घरीही तेच. टेबलाच्या कडेला ठेवलेला पेला तिचा हात आपसूक आत सरकवी. बोलताबोलता ती जावयाचा चष्मा खुर्चीवरून उचलून कपाटावर ठेवी. मग जावई घरभर शोधत फिरे.

"आई, तू दिवसभर करतेस तरी काय गं तिथे?" लेक एकदा म्हणाली. "नुसती बसतेस."

"बसायचेच पैसे देतात," मावशी म्हणाली आणि लेकीचा पेला आत सरकवला.

अशात एके दिवशी तलावाच्या दारावर पालिकेचा कागद लागला. तलावाची खरंच आवश्यकता आहे का हे पाहायला साहेब येणार होते, आणि ती नाही असं त्यांना वाटल्यास तलाव बुजवून त्या जागी गाड्या उभ्या करायची सोय होणार होती. मावशीने कागद उभ्याउभ्या वाचला, खुर्चीवर चढली आणि नेहमीसारखी पाण्याकडे पाहत राहिली. त्या दिवशी तिने शिट्टी जरा जास्तच वाजवली, असं लोकांचं मत पडलं.

रोज पोहणाऱ्यांची तातडीची सभा शॉवरपाशी भरली. टॉवेल गुंडाळून माणसाला गंभीर होता येत नाही, पण निवृत्त हेडमास्तरांनी प्रयत्न केला.

"आपण निवेदन देऊ," ते म्हणाले.

"निवेदनं वाचतं कोण, मास्तर?" वकीलबाई केस पिळत म्हणाल्या. त्यांना सहसा कुणी पक्षकार मिळत नसे, त्यामुळे तलावाचा खटला त्यांनी मनावर घेतला होता. "साहेबांच्या डोळ्यांदेखत कुणीतरी बुडायला पाहिजे. मावशी उडी मारणार, त्याला बाहेर काढणार. मग मी पुढे होऊन एवढंच म्हणणार: साहेब, हा तलाव बुजवलात तर ही माणसं नदीवर जातील. तिथे मावशी नाही."

"पण त्याने तलाव धोक्याचा नाही का ठरणार?"

"बुडणं धोक्याचं असतं, मास्तर. वाचणं नसतं."

हेडमास्तर निरुत्तर झाले. आयुष्यभर दुसऱ्यांना निरुत्तर केल्यामुळे त्यांना त्याची सवय नव्हती.

बुडण्यासाठी शिंप्याची एकमताने निवड झाली. नीट बुडायला उत्तम पोहता यावं लागतं. मावशीला मात्र काही सांगायचं नाही असं ठरलं. तिला सांगितलं असतं, तर तिने शिंप्याला आदल्या दिवशीच घरी बसवलं असतं.

साहेब आले. भिंतीच्या कडेकडेने, ओल्या फरशीवर जपून पावलं टाकत आले आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. वकीलबाईंनी डोळ्याने खूण केली. शिंपी उथळ आणि खोल बाजूंच्या मधल्या दोराखालून खोल बाजूला गेला, त्याने छाती भरून श्वास घेतला आणि—

शिट्टी.

"शिंपीदादा, बाहेर या."

"का?"

"आज तुमचं लक्ष पाण्यात नाही. चारदा साहेबांच्या खुर्चीकडे बघितलंत."

शिंपी बाकावर जाऊन बसला. आता हेडमास्तर स्वतः पुढे सरसावले. दोराला हात लागतो न लागतो तोच पुन्हा शिट्टी. "मास्तर, तोंड लाल झालंय तुमचं. उथळात या." ते खोटं बोलायच्या कल्पनेने लाल झाले होते, पण हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. वकीलबाईंना पोहणं बेताचंच येत होतं. त्यांनी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वर पाहिलं. मावशी आधीच त्यांच्याकडे पाहत होती. बाईंनी पाय मागे घेतला.

एक दुपार अशी गेली की कुणीही बुडालं नाही. साहेबांनी जांभई दिली. निघण्यापूर्वी एक फोटो काढावा म्हणून ते उठले आणि मोबाइल डोळ्यांसमोर धरून, अख्खा तलाव मावेना म्हणून, एकेक पाऊल मागे सरकू लागले. त्यांच्या मागे खोल बाजूची कड होती.

सगळे एव्हाना शॉवरपाशी जमले होते. वकीलबाईंनी हेडमास्तरांचा ओला दंड घट्ट धरला. इतकी नामी संधी तर त्यांच्या योजनेतसुद्धा नव्हती.

मावशीलाही ते दिसलं. खुर्चीवरून सगळंच दिसे. आणखी एक पाऊल, की इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो खरा माणूस पाण्यात. तोही खुद्द साहेब. तलाव वाचणार, खुर्ची वाचणार, आणि माणूस किती जड लागतो तेही कळणार. शिट्टी तिच्या ओठांत होती. साहेबांनी टाच उचलली.

शिट्टी वाजली.

"साहेब, तिथेच थांबा. पाय पुढे टाका."

साहेब थांबले, वळून पाहिलं, पांढरे पडले, आणि मग काही झालंच नाही अशा चेहऱ्याने टाय नीट करत निघून गेले. काही झालं नव्हतंच.

"अहो मावशी, पडू द्यायचं ना!" वकीलबाई रडवेल्या झाल्या.

"त्यांना पोहता येत नव्हतं."

"म्हणून तर म्हणतेय!"

मावशीने यावर विचार केला. "त्यांनी पाणी गिळलं असतं हो," ती म्हणाली आणि गुडघ्यांना विचारून खाली उतरली.

पालिकेचा निर्णय आला. तलाव चालूच राहणार होता. साहेबांना तो अत्यंत सुरक्षित वाटला होता. इतका, की तिथे कुणाला वाचवण्याची वेळ आजवर एकदाही आलेली नसल्याने जीवरक्षकाच्या जागेची गरज नाही, असंही त्यांनी कळवलं होतं. त्यामुळे तलावाचा खर्च आटोक्यात आला आणि सर्वांचंच समाधान झालं. मावशीची बदली जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर झाली. तिथे माणसं वाचवण्याचा प्रश्न येत नाही.

उंच खुर्चीवर पाटी लटकली: 'येथे स्वतःच्या जबाबदारीवर पोहावे.'

पहिल्या सकाळी सगळे वेळेवर हजर झाले आणि उथळ बाजूला कंबरभर पाण्यात उभे राहिले. आपण तलाव वाचवला, असं हेडमास्तर दोनदा म्हणाले. कुणी दोर ओलांडला नाही.

"अरे, आता कोण अडवणार आहे?" शिंपी शेवटी म्हणाला. आजही तो धावत आला होता. दोराखालून तो खोल बाजूला गेला, चार हात मारले, आणि मध्येच सवयीने मान वर करून खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर पाटी होती. त्याला एकदम धाप लागली.

शिट्टी वाजली.

ती वरून आली नाही, पाण्याच्या पातळीवरून आली. खोल बाजूच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, रबरी टोपी घातलेलं एक डोकं पाण्याबाहेर होतं. पालिकेची शिट्टी जमा करावी लागली होती. ही लाल प्लॅस्टिकची होती, खेळण्यांच्या दुकानातली.

"मावशी, तुम्ही? खिडकीवर नाही गेलात?"

"खिडकी दहाला उघडते. तिकीट काढून आलेय."

"मग पोहा की!"

मावशी पोहत नव्हती. तिने एका हाताने काठ धरला होता आणि एकेका डोक्यावरून नजर फिरवत ती सगळ्यांकडे पाहत होती.

"शिंपीदादा," ती म्हणाली, "बाहेर या."

शिंप्याने मुकाट्याने शिडी धरली.