बोल्ट मारलेली ढकलगाडी

मित्रांनो, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढा, माझी ना नाही. सगळेच काढतात. फक्त फोटो झाला की जरा खांदा लावून मला ढकलून बघा. हलले नाही ना? दोष तुमच्या खांद्याचा नाही. मी एक जुनी ढकलगाडी आहे आणि या चौथऱ्यावर आणून बसवल्यापासून तसूभरही हललेली नाही.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या टॅलोबा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. कापूस वाहणाऱ्या गाड्यांचं भंगार वेल्डिंगने जोडून मुलांनी माझा सांगाडा बनवला, पुढे पाच गुबगुबीत गाद्या लावल्या आणि मागे एका माणसाला उभं राहता येईल अशी फळी ठोकली. चाकं दिली नाहीत. मी सहज पुढे सरकले तर माझा उपयोग काय?

इथला फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. टोकदार चेंडू काखेत मारून एकाने पळायचं आणि त्याच्या वाटेतली माणसं पाच धटिंगणांनी रेटून बाजूला करायची. टाळ्या पळणाऱ्याला मिळतात. रेटणाऱ्यांची नावं त्यांच्या आयांनाच ठाऊक असतात. त्या पाचांची तालीम माझ्यावर होत असे. शिट्टी वाजली की पाच खांदे माझ्या गाद्यांवर आदळत आणि मी गवत खरवडत मागे सरकत असे. पाचांतल्या एकाने जरी अंगचोरपणा केला तरी मी वाकडी वळत असे, त्यामुळे चोरी लपत नसे.

माझ्या फळीवर उभे राहत ओझेल पेटवे. तरुणपणी त्यांनी मला ढकललं होतं, पुढे ते याच कॉलेजात रेटणाऱ्यांचे कोच झाले. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं.

"डावीकडचा, तू गादीला टेकून झोपलायस का? उशी आणू?"

"नाही, कोच."

"मग तिला मिठी काय मारतोस? लग्न ठरलंय का तुमचं?"

मुलं हसत, शिव्या गिळत, आणि पुन्हा रेटत. उन्हाने माझ्या गाद्या तडकल्या, पेटव्यांनी त्या स्वतः शिवल्या. मला तेव्हा वाटे, आपण अशाच झिजत झिजत संपणार. त्यात मला काहीच वाईट वाटत नव्हतं.

पण संघ हरत गेला. शनिवारी मैदानाच्या पायऱ्या ओस पडू लागल्या. उकडलेल्या शेंगा विकणारासुद्धा मध्यंतरातच पातेलं उचलून घरी जाई. कॉलेज फुटबॉल बंद करणार अशी कुजबुज सुरू झाली, आणि त्याच वर्षी लॅमॉन्ट डुप्रे आले.

डुप्रे म्हणजे देशभर गाजलेला खेळाडू. बुटांच्या खोक्यांवर त्यांचा चेहरा असे. ते पांढरा सूट घालून गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्या मागून कॅमेरेवाल्यांच्या तीन गाड्या आल्या. अशा छोट्या कॉलेजात असा माणूस कोच म्हणून कशाला येतो, असं पेटवे माझ्या फळीवर बसून स्वतःशीच पुटपुटले होते.

खोटं कशाला बोलू? त्या माणसाने पुष्कळ केलं. न्हाणीघरात गरम पाणी आलं. मुलांना डोक्यात नीट बसणारी शिरस्त्राणं मिळाली. दूरदूरच्या राज्यांतून नावाजलेली पोरं टॅलोबात खेळायला आली, संघ जिंकू लागला, आणि शेंगावाल्याने दुसरं पातेलं घेतलं. जुने विद्यार्थी म्हाताऱ्या आईवडलांना घेऊन मैदानात यायचे आणि रडायचे. ते रडणं खरं होतं, मी पाहिलं आहे.

मैदानाशेजारी काचेची नवी इमारत उभी राहिली. आत रेटण्याची नवी यंत्रं आली, प्रत्येक धक्क्याचा आकडा दाखवणारी. मग माझं काय करायचं? कोणीतरी म्हणालं, हा आपला वारसा आहे. म्हणून मला सोनेरी रंग फासून इमारतीच्या दारात बसवायचं ठरलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी गत.

मला जागेवर बसवायला आला जार्विस टॉलिव्हर. हा रेटणाऱ्यांतलाच एक मुलगा, डोक्यापेक्षा मान जाड, बोलणं कमी. त्याला शिष्यवृत्ती नव्हती. फी भागवण्यासाठी तो उन्हाळ्यात कॉलेजच्या दुरुस्ती खात्यात राबत असे. त्याने सिमेंट कालवलं, माझ्या तळाच्या लोखंडी पट्ट्यांना भोकं पाडली, लांबच लांब बोल्ट खाली सोडले आणि सगळं बळ लावून नट आवळले. वरून हिरवा प्लास्टिकचा गालिचा अंथरला, म्हणजे लोखंड दिसायला नको.

"माफ कर हं, म्हातारे," तो मला म्हणाला. "वादळात उडून जाशील म्हणून सांगितलंय."

पेटवे तिथेच उभे होते. "ही उडणार? हिला हातभर हलवायला मी पोरांच्या दोन पिढ्या ओकायला लावल्या. वादळाची काय बिशाद?"

टॉलिव्हर हसला. मी नाही हसले. मित्रांनो, जखडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मागच्या मैदानातून शिट्टी ऐकू येई आणि माझं सगळं अंग मागे सरकायला उठे, पण उठून जाणार कुठे?

पुढच्या हंगामात एका सरबताच्या कंपनीची जाहिरात चित्रित व्हायची होती. डुप्रे सोन्याच्या रंगाचे बूट घालून आले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. इतके दिवस ते माझ्यासमोरून गाडीतून जात असत, त्यांनी मला कधी जवळून पाहिलंच नव्हतं. ते टुणकन माझ्या फळीवर चढले.

"जुन्या काळी कोच असेच उभे राहायचे ना? हाच फोटो पाहिजे. ए चॅम्प, तू, दांडगा! इकडे ये."

बाजूला वायरी उचलत असलेला टॉलिव्हर पुढे आला.

"नाव काय तुझं?"

दीड वर्ष त्यांच्याच संघात असलेल्या मुलाने नाव सांगितलं.

"तर टॉलिव्हर, ढकल मला. ही गाडी जागची हलवलीस तर शनिवारी पहिल्यापासून तू खेळणार. लॅमॉन्ट डुप्रेचा शब्द आहे." मग कॅमेऱ्याकडे वळून, "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

"कोच, ही गाडी खाली..."

"तोंड नको चालवूस, पाय चालव."

"कोच, एक मिनिट, हिला खालून..."

"अरे, हा वकील आहे की खेळाडू?" सगळे हसले. "ढकल!"

टॉलिव्हरने माझ्याकडे पाहिलं. नट त्याच्या हाताने आवळलेले होते, त्याला सगळं माहीत होतं. तरी तो वाकला, त्याने खांदा लावला आणि रेटलं. मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात इतका प्रामाणिक धक्का मला कोणी दिला नव्हता. त्याच्या बुटांखाली गालिचा चुरगळला, मानेच्या शिरा टरारल्या, आणि मी? मी दगडासारखी उभी. मी सगळी ताकद लावून हलू पाहत होते, पण बोल्टांना माझी दया कुठून येणार?

"तुझ्या आजीला बोलावू का मदतीला?" डुप्रे वरून ओरडले. "अरे, मला वाराही लागत नाहीये!"

तो रेटतच राहिला. शेवटी डुप्रेंनीच उडी मारून त्याच्या पाठीवर थाप मारली, सरबताची बाटली उघडली आणि कॅमेऱ्याकडे पाहून डोळा मारला. जाहिरात झकास झाली. त्या शनिवारी टॉलिव्हर बाकावरच बसला, आणि आठवड्याभरात तो सगळ्या देशाच्या फोनवर होता, तोंड लाल करून न हलणारी गाडी ढकलणारा मुलगा म्हणून.

त्यानंतर एका सकाळी पेटवे डुप्रेंना हाताला धरून माझ्यापाशी घेऊन आले. टॉलिव्हरही मागे होता. पेटव्यांनी बुटाने गालिचा बाजूला सारला.

डुप्रेंनी ते नट पाहिले. "मला कोणी सांगितलं का नाही?"

"तो सांगत होता," पेटवे म्हणाले.

डुप्रेंनी काळा चष्मा काढला. त्यांचे डोळे थकलेले होते, ते मी त्या दिवशी पाहिले. "आता जाहिरात मागे घेऊ कशी? लोक म्हणतील, डुप्रेला आपल्या दारातली गाडी पक्की बसवलेली आहे हेही ठाऊक नाही. या पोराला लोक महिन्याभरात विसरतील. मला नाही विसरणार." मग ते टॉलिव्हरकडे वळले. "चॅम्प, पदवी मिळेपर्यंत तुझी फी माफ. हे फक्त आपल्या तिघांत राहील."

"आणि खेळवायचं, कोच? तुम्ही शब्द दिला होतात."

"शब्द गाडी हलवण्यावर होता."

टॉलिव्हरने बुटाने गालिचा पुन्हा नटांवर ओढला. त्याची आई लोरेटा कोंबड्या कापण्याच्या कारखान्यात उभ्याने काम करायची. तिची बोटं सकाळी मिटत नाहीत, असं तो पेटव्यांना सांगताना मी ऐकलं होतं.

"ठीक आहे, कोच."

"आईलाही सांगायचं नाही."

टॉलिव्हरने माझ्या गादीची शिवण चाचपली. "आईलाही नाही."

पेटवे निघून गेले. पोराची फी वाचत होती, ते तरी काय बोलणार?

तेव्हापासून तो आपला डबा खायला माझ्या फळीवर येऊन बसू लागला. तिथूनच तो आईला फोन करी. "हो, दाखवली असेल ती जाहिरात तुला कारखान्यात. हसू दे त्यांना... नाही गं, त्या दिवशी मी जेवलो नव्हतो, म्हणून जोर नाही लागला... खेळ बघायला नको येऊस, मी बाकावरच असतो." फोन ठेवला की तो नुसता बसून राही. मला बोलता येत नव्हतं आणि त्याला बोलायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तो आम्ही दोघांनी मिळून खाल्ला.

पुढच्याच हिवाळ्यात डुप्रेंना एका मोठ्या विद्यापीठाने बोलावलं. ते गेले. त्यांच्या मागोमाग नावाजलेली पोरं गेली, कॅमेरे गेले, भाड्याने आणलेली यंत्रंही गेली. काचेची इमारत तेवढी राहिली, तिचे दिवे लावायला कॉलेजला परवडेना. उरलासुरला संघ पेटव्यांच्या गळ्यात पडला. टॉलिव्हरची फी मात्र माफच राहिली. डुप्रेंचं तेवढं देणं मी नाकारत नाही.

तालमीला काही साधन उरलं नाही तेव्हा टॉलिव्हर एक लांबलचक पाना घेऊन माझ्याकडे आला. मला केवढा आनंद झाला! पण ऑफिसातून माणूस धावत आला. सरबत कंपनीशी करार आहे, म्हणाला, जाहिरातीतली गाडी आणखी काही वर्षं तिथेच राहिली पाहिजे. टॉलिव्हरने पाना खांद्यावर टाकला आणि माझ्या गादीवर हात ठेवून तो निघून गेला. मी तशीच राहिले, आणि लोक माझ्यापाशी येऊन त्याची नक्कल करत राहिले.

इथे हंगामात घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला एक रीत आहे. कॉलेज सोडणारा प्रत्येक खेळाडू आईला हाताला धरून मैदानावर नेतो आणि तिच्या हातात फुलं देतो. टॉलिव्हरच्या शेवटच्या वर्षी त्या दिवशी लोरेटा आली. आता तिचा मुलगा सामन्याच्या पहिल्या मिनिटापासून खेळत होता. संघ हरला, तरी त्याच्या बाजूने एकालाही आत शिरता आलं नाही, असं पायऱ्या उतरणारे लोक बोलत होते.

लोरेटा फुलं घेऊन माझ्यापाशी त्याची वाट बघत थांबली. तेवढ्यात पाहुण्या गावचा एक तरुण आला, माझ्या गादीला खांदा लावून त्याने डोळे बटाट्यासारखे केले आणि मित्राला म्हणाला, "काढ फोटो. मी कोण, ओळख."

लोरेटाने त्याला बाजूला व्हायला सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, आणि तो मुकाट्याने झाला. मग तिने फुलं चौथऱ्यावर ठेवली आणि स्वतःच माझ्या गादीला खांदा लावला. आपल्या मुलाला काय जड गेलं ते तिला बघायचं असावं. ती रेटू लागली तशी उन्हापावसाने कुजलेला गालिचा तिच्या बुटाखालून फाटला. ती खाली बघत राहिली. मग गुडघे टेकून तिने न मिटणाऱ्या बोटांनी एकेक नट चाचपला.

टॉलिव्हर अंघोळ करून आला तेव्हा ती तशीच बसलेली होती.

"जार्विस, हे कोणी ठोकलं?"

तो चौथऱ्यावरची फुलं उचलू लागला.

"मी विचारतेय तुला."

"मीच, आई."

"त्या जाहिरातीच्या आधी?"

"आधी."

"आणि मला सांगितलंस, जेवला नव्हतास." तिचा आवाज फुटला. "त्या दिवसापासून दर रविवारी मी तुला तळलेली कोंबडी पाठवतेय. दिवसभर कोंबड्या कापून घरी आल्यावर पुन्हा कोंबडी."

"छान असायची."

"गप्प बस." तिने डोळे पुसले. "हलणार नाही हे तुला ठाऊक होतं. मग किती वेळ ढकलत होतास रे?"

"ते थांब म्हणेपर्यंत."

लोरेटा उठली आणि तिने त्याला छातीशी धरलं. एवढा धिप्पाड मुलगा, तिच्या खांद्यावर मान टाकून रडला. मला त्यांच्याजवळ सरकावंसं फार वाटलं.

मित्रांनो, मी अजून इथेच आहे. मला रंग देऊ नका, हार घालू नका. जमलं तर कोणीतरी पाना आणा आणि मला पुन्हा गवतावर नेऊन झिजू द्या. आणि ते जमलं नाही तर एवढंच करा. एखादा जीव तोडून रेटत असेल आणि तरी काही हलत नसेल, तर त्याला हसण्याआधी खाली वाकून बघा.