पूर्वपक्ष तेवढा छापला

पोस्टातून निवृत्त झाल्यावर गुंडोअण्णा मल्लेश्वरमच्या राममंदिरात दर एकादशीला कीर्तन करीत. त्यांची एक रीत होती. विरुद्ध बाजूचं म्हणणं, म्हणजे पूर्वपक्ष, आधी असा जोरात मांडायचा की ऐकणाऱ्याला तोच खरा वाटावा. मग थांबायचं. मागे उमाजी मृदंगावर थाप देई आणि अण्णा उत्तराला उभे राहत.

सव्वीस वर्षं त्यांच्या घरी एकच वर्तमानपत्र येई. कुठलाही वाद असो, त्यात दोन्ही बाजू शेजारी शेजारी छापत. "आपल्या पेपरवाल्यांना पूर्वपक्ष कळतो हो," असं अण्णा भर कीर्तनात सांगत.

अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात त्याच पेपरात हेब्बाळ तळ्याकाठच्या झोपड्यांवर रोज मजकूर येऊ लागला. अतिक्रमण, घाण, रोगराई. तिथं राहणाऱ्यांचा एक शब्द नाही. उमाजी तिथलाच. वस्तीतले लोक मोर्चा काढायला निघाले, तेव्हा अण्णांनी त्याला थांबवलं. पेपरवाले विसरले असतील, आपण आठवण करून देऊ, दुसरी बाजू छापून आली की साहेबलोक ऐकतील, असं समजावलं. उमाजी मानेनंच सरी, म्हणजे बरं, म्हणाला आणि त्यानं वस्तीलाही थांबवलं.

अण्णांनी दोन पानी पत्र लिहिलं. सवयीप्रमाणे पहिल्या पानावर पूर्वपक्ष: जमीन सरकारी आहे, तळं सगळ्या शहराचं आहे, ते राखायलाच हवं. दुसऱ्या पानावर उत्तर.

चौथ्या दिवशी पत्र पेपरात छापून आलं. अण्णांना मोतीबिंदू, म्हणून त्यांच्या पत्नी मथुराबाई मोठ्यानं वाचत होत्या. त्या मध्येच थांबल्या.

"वाच की पुढं."

"पुढं नाही. खाली तुमचं नाव आहे."

अण्णा पत्राची नक्कल घेऊन पेपरच्या कचेरीत गेले. तिथल्या तरुण उपसंपादकानं खुर्ची दिली, कॉफी मागवली. जागा कमी होती म्हणाला. शिवाय पहिला भाग फारच मुद्देसूद होता. दुरुस्ती छापणार का, यावर तो बघू म्हणाला. अण्णांनी महिनाभर वाट पाहिली.

तोवर झोपड्यांबद्दलची सरकारी सुनावणी उरकली होती. उमाजीनं येऊन सांगितलं, रागावला नव्हता.

"साहेबांनी तुमचंच पत्र वाचून दाखवलं, अण्णा. म्हणाले, तुमचे बुवाच असं म्हणतात. मग मी काय बोलणार?"

झोपड्या पडल्या. उमाजी लांब, शहराच्या टोकाला, के. आर. पुरमच्याही पलीकडे राहायला गेला. कीर्तन संपल्यावर तिकडे बस नसते, म्हणून जाताना त्यानं मृदंग अण्णांकडेच ठेवला.

पुढच्या एकादशीला अण्णांनी पूर्वपक्ष मांडला आणि ते थांबले. थाप पडली नाही. लोक वाट पाहत राहिले. उत्तर सगळं पाठ होतं. तरी अण्णांनी चिपळ्या खाली ठेवल्या आणि आरती लावायला सांगितली.