पुसलेले डोळे

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात भर दुपारी पाऊल टाकावं आणि फळीवरच्या एकाही मूर्तीला डोळे नसावेत! कृष्णाबाईच्या अंगावर काटा आला. कालच तिच्या लेकाने, सुशीलने, सगळ्यांच्या डोळ्यांची आखणी केली होती. आता तोच ओल्या फडक्याने शेवटच्या मूर्तीचे डोळे पुसत होता आणि कुणाला तरी हळू आवाजात उत्तरं देत होता. आत दुसरं चिटपाखरू नव्हतं.

घरात त्याच्या या वागण्याची दोन कारणं ठरलेली. बाप गुणाजी म्हणायचा, "गांजा हाय, दुसरं काय नाय." त्याने पोराला व्यसनमुक्ती केंद्रातही ठेवलं. पण तिथे त्याला ऐकू येणाऱ्या आवाजांबद्दल कुणी अक्षर काढलं नाही, कारण कृष्णाबाईने सगळ्यांचं तोंड बांधलं होतं. तिला वाटायचं, देवाचे डोळे आखणाऱ्याशी देव बोलला, तर ते डॉक्टरला कशाला सांगायचं? शेजारणी तर सुशीलपुढे नारळ ठेवायला लागल्या होत्या. काय म्हणावं या भाबडेपणाला!

"देव काय बोलतो रं?" तिने जवळ जाऊन विचारलं.

सुशीलच्या दुसऱ्या हातात टोकदार कोरणी होती. "बोलतात, आमचं डोळं पुसलंस, आता तुजं काढ. गांजा वढला की जरा लांब जातात, आये. मंग जास्तच जवळ येतात."

असं मागणारा देव नव्हे, हे कृष्णाबाईला त्या क्षणी कळलं. तिने कोरणी अलगद काढून घेतली, गुणाजीला हाक मारली आणि रोह्याजवळच्या वरसे गावात दिलेल्या लेकीला फोन लावला.

ही लेक, वैशाली, गावात आशा सेविका होती. ती आली ती तडक बोलली, "बाबा, तुमी गांजा सांगितला. आये, तू आवाज लपवलास. अर्धं अर्धं सांगून दादाला कोण बरं करणार?"

तिने सगळ्यांना रोह्याच्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे नेलं आणि आईबापांनी त्यांना सगळं सांगितलं. गुणाजी पोराकडे बघत म्हणाला, "केंद्रातून आला तवा गांजा सुटला व्हता, तरी बोलत व्हता. मी कान झाकलं." डॉक्टरांनी तपासायला वेळ घेतला. मग म्हणाले, "स्किझोफ्रेनिया आहे आणि व्यसनही. दोन्हींचे उपचार एकत्रच करावे लागतील."

मंडळी, आपल्या घरातलं माणूस असं वागू लागलं, तर नशा किंवा देव, एकावर खापर फोडून मोकळे होऊ नका. डॉक्टरांपुढे सगळं सांगा. अब्रूपेक्षा माणूस मोठं.

उपचार सुरू झाले आणि सुशील आता पुन्हा आखणी करतो. कृष्णाबाई शेजारी बसते.

"आज काय बोलतात?"

"हाईत. पण हळू," तो म्हणतो आणि उरलेला डोळा आखतो.