वहिनींचं शिलाई मशीन

चक्रीवादळाच्या दिवशी सकाळी वहिनी म्हणाल्या, "भावोजी, मशीन वरच्या मजल्यावर न्यायचंय. शेजारच्या सुताराला हाक मारा." दादा गेल्यापासून त्या मशीनवरच आमचं घर चालत होतं. मी सुताराच्या दारापर्यंत गेलो. आत सगळे जेवत होते. भीड वाटली, तसाच परत आलो आणि एकटाच माझी पुस्तकं वर नेत राहिलो. तेवढ्यात पाणी घरात शिरलं.

चौथ्या दिवशी पाणी ओसरलं तेव्हा मशीनचं चाक गंजून घट्ट बसलं होतं.

"काका, दोन मिनिटांचं काम होतं हो!" सुतार हळहळला.

भीड भिकेची बहीण, हेही मी वाचलेलंच होतं.

वहिनी चाकावरचा चिखल पुसत म्हणाल्या, "पुस्तकं कोरडी आहेत ना? मग वाचा मोठ्यानं. मला आता वेळच वेळ आहे."